भूकंपाआधी भूकंप घडवून पाहणारे डॉ. जय कृष्ण

औराद (जि. बिदर) : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन नेमकी किती जोरानं हलली, याची नोंद तिथल्या कुठल्याच यंत्रावर नाही. भूकंप केवढा आणि त्याचं केंद्र कुठं, हे दूरच्या वेधशाळांवरून कळलं. पण दगडी भिंतीच्या बुडाशी जमीन त्या काही सेकंदांत कशी नि किती झटक्यानं मागेपुढे झाली, हे मोजणारं यंत्र गावात नव्हतं आणि आसपासही नव्हतं. घर बांधणाऱ्या इंजिनिअरला तर नेमकी हीच माहिती लागते.

मग ज्याची नोंदच नाही, तो हादरा हे लोक आणतात कुठून? तर ते तो तयार करतात. लोखंडी टेबल हलवून, मालगाडीच्या वाघिणी एकमेकींवर आदळवून, नाहीतर गणित मांडून. आपल्या देशात या विद्येचं घर उभं राहिलं ते गंगेच्या कालव्याकाठच्या रुडकीत. ते उभं करणारे गृहस्थ म्हणजे डॉ. जय कृष्ण.

आपल्या भागातल्या गवंड्याला हे नाव ठाऊक असायचं कारण नाही. पण एका पिढीतल्या कुठल्याही सिव्हिल इंजिनिअरला विचारा. जय कृष्ण आणि ओ. पी. जैन यांचं ‘प्लेन अँड रिइन्फोर्स्ड काँक्रीट’ हे पुस्तक त्यानं कधी ना कधी हाताळलेलं असणारच. भूकंपाचं काम मात्र त्या पुस्तकापेक्षा कितीतरी मोठं आहे, आणि तेच लोकांना कमी माहीत आहे.

जन्म १९१२ चा, उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगरचा. शिक्षण रुडकीच्या थॉमसन कॉलेजात. १९३५ ला ते सिव्हिल इंजिनिअर होऊन बाहेर पडले. त्यांच्या शिक्षणाच्या शेवटच्या दोन वर्षांत देशात काय घडलं ते पाहा. जानेवारी १९३४ मध्ये बिहारचा महाभूकंप झाला. पुढच्याच वर्षी, ३१ मे १९३५ ला, क्वेट्टा शहर पहाटेच्या झोपेत जमीनदोस्त झालं.

क्वेट्टाची एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. चार वर्षं आधी, १९३१ मध्ये, त्याच भागात माच इथं भूकंप झाला होता. त्यानंतर एस. एल. कुमार नावाच्या तरुण रेल्वे इंजिनिअरनं क्वेट्टात भूकंप झेलतील अशी रेल्वेची क्वार्टर्स बांधली आणि १९३३ मध्ये त्यावर लेखही लिहिला. १९३५ ला शहर पडलं, ती घरं उभी राहिली. म्हणजे भूकंपाला टिकेल असं घर बांधता येतं, हे आपल्याकडं तेव्हाच सिद्ध झालं होतं. पण एका इंजिनिअरची हुशारी त्याच्यापुरतीच राहिली. ती शिकवणारी शाळा नव्हती, तिचे नियम नव्हते, आणि हादऱ्याची मोजणी करणारं यंत्रही नव्हतं. जय कृष्ण यांचं पुढचं आयुष्य या तिन्ही गोष्टी उभ्या करण्यात गेलं.

थॉमसन कॉलेजात ते शिकवायला लागले. १९४९ ला त्या कॉलेजाचं रुडकी विद्यापीठ झालं. १९५४ ला लंडन विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. त्यानंतर ते अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या कॅलटेक संस्थेत गेले आणि तिथं जॉर्ज हाउसनर आणि डोनाल्ड हडसन या दोन प्राध्यापकांच्या सहवासात या विषयाचा धागा त्यांच्या हाती पक्का लागला.

कॅलिफोर्नियात तेव्हा एक खजिना होता. १९३२ पासून तिथं जोराचा हादरा नोंदणारी यंत्रं बसवायला सुरुवात झाली होती. मोठ्या वेधशाळेतलं नाजूक यंत्र भूकंप जवळ झाला की निकामी ठरतं, रेषाच कागदाबाहेर जाते. ही नवी यंत्रं मात्र एरवी झोपून राहायची आणि जमीन जोरात हलली की जागी होऊन नोंद करायची. १८ मे १९४० ला एल सेंत्रो गावाजवळच्या भूकंपाची अशीच एक चांगली नोंद मिळाली. पुढं कित्येक वर्षं जगभरच्या इंजिनिअरांनी इमारत तपासायची म्हटली की तीच एल सेंत्रोची नोंद घ्यायची, कमी-जास्त करायची आणि वापरायची, असा रिवाज पडला.

या नोंदीचं इंजिनिअर करतात तरी काय? आमच्यासारख्या बी.कॉम.वाल्याला समजलं ते असं. शेतात ज्वारीची ताटं उभी आहेत, काही उंच, काही बुटकी. वारं आलं की उंच ताट सावकाश झुलतं, बुटकं भराभर हलतं. आता समजा वाऱ्याऐवजी जमीनच हलवली. ज्या ताटाच्या स्वतःच्या झुलण्याचा वेग जमिनीच्या हलण्याशी जुळेल, ते सगळ्यात जास्त झुलणार. इमारतींचंही असंच आहे. दहा मजली इमारत सावकाश झुलते, दगडी घर भराभर हलतं. एकाच हादऱ्यानं वेगवेगळ्या वेगाची ‘ताटं’ जास्तीत जास्त किती हलतील, ते मोजून एका आलेखावर मांडतात. त्याला रिस्पॉन्स स्पेक्ट्रम म्हणतात. जमिनीच्या हलण्याचा तो ताळेबंदच समजा. सगळा जमाखर्च त्यात दिसत नाही, पण कुठल्या उंचीच्या इमारतीच्या नावे किती बाकी निघते ते दिसतं.

हे ज्ञान घेऊन ते परत आले आणि कामाला लागले. हडसन स्वतः रुडकीला येऊन गेले. १९५९ मध्ये रुडकीत भूकंप अभियांत्रिकीवर देशातली पहिली परिषद भरली. १९६० मध्ये या विषयाचं संशोधन आणि प्रशिक्षण देणारी स्वतंत्र शाळा विद्यापीठात सुरू झाली. १९६२ मध्ये इंडियन सोसायटी ऑफ अर्थक्वेक टेक्नॉलॉजी स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष तेच. त्याच वर्षी भूकंपाविषयीचं भारतीय मानक, म्हणजे इंजिनिअर ज्याला नुसतं अठराशे त्र्याण्णव म्हणतात ते आयएस १८९३, पहिल्यांदा छापलं गेलं. कर्नाटक असो की महाराष्ट्र, शासकीय इमारतीच्या कागदावर हाच क्रमांक असतो. इथं सीमा आडवी येत नाही.

यंत्रांचं काय? परदेशी यंत्र महाग. तेव्हा रुडकीत एक साधं उपकरण बनवलं गेलं. वेगवेगळ्या वेगानं झुलणारे काही लंबक, प्रत्येकाच्या टोकाला सुई, आणि सुईखाली काजळी धरलेली काच. भूकंप झाला की सुई काजळीत रेघोट्या ओढते. त्यावरून हादऱ्याचा वेळेनुसार पूर्ण हिशेब मिळत नाही, पण मघाच्या आलेखावरचे दोनतीन ठिपके तरी पदरात पडतात. गरिबाच्या घरची ही युक्ती मला फार आवडली. वीज नको, बॅटरी नको, वर्षानुवर्षं कोपऱ्यात ठेवून द्या.

आणि मग कोयना.

कोयनेचं धरण १०३ मीटर उंच. बांधताना भूकंपासाठी तरतूद केली होती, पण बेताची. धरणाच्या वजनाच्या ५ टक्के इतका आडवा जोर धरला होता. तेव्हाच्या समजुतीप्रमाणं तेही पुष्कळच होतं, कारण दख्खनचं पठार म्हणजे देशातला सगळ्यात स्थिर भाग असं पुस्तकात लिहिलेलं. १९६२ च्या नकाशात भूकंपाचे शून्य ते सहा असे सात पट्टे होते आणि आपल्या पठाराचा बराचसा भाग शून्यात. जलाशय भरायला लागला तसे परिसरात छोटे धक्के जाणवू लागले. पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रातल्या लोकांनी तिथं निरीक्षण चालू केलं आणि धरणाच्या आतल्या बोगद्यासारख्या वाटेत जोराचा हादरा नोंदणारं यंत्रही बसलं.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सव्वाचारच्या पुढं ते यंत्र जागं झालं. साडेसहाच्या आसपास तीव्रतेचा भूकंप होता. कोयनानगरची घरं पडली, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. यंत्राच्या पट्टीवर जे आकडे निघाले ते पाहून जगभरचे तज्ज्ञ चकित झाले. धरणाच्या लांबीच्या दिशेनं गुरुत्वाकर्षणाच्या ६३ टक्के, नदीच्या प्रवाहाच्या दिशेनं ४९ टक्के, आणि खाली-वर ३४ टक्के.

हिशेबनीसाच्या भाषेत सांगायचं तर अंदाजपत्रकात ५ रुपये धरले होते आणि बिल आलं ४९ चं. तरी पेढी बुडाली नाही, धरण उभं राहिलं. याचं कारण असं की तो ४९ चा आकडा क्षणाचा असतो. धरण एका बाजूला ढकललं जातंय न जातंय तोवर जमीन उलटी फिरते. शिवाय अशा भल्यामोठ्या काँक्रीटच्या अंगात कागदावर न दाखवलेली शिल्लकही असते. पण नुकसान झालंच. उंच भागांमध्ये, तळापासून साधारण ६६ मीटरवर, जिथं धरणाच्या मागच्या अंगाचा उतार एकदम बदलतो, तिथं दोन्ही बाजूंना आडव्या भेगा पडल्या.

जुन्या पद्धतीच्या हिशेबात या जागी भेग पडायलाच नको होती. सगळ्या उंचीवर सारखाच ५ टक्के जोर धरायचा, असा तो हिशेब. खऱ्या हादऱ्यात मात्र धरण वरच्या टोकाला जास्त हलतं, चाबकाच्या शेपटासारखं, आणि ताण येतो तो मानेवर.

इथं जय कृष्ण यांची शाळा कामी आली. त्यांनी ए. आर. चंद्रशेखरन आणि एस. एस. सैनी या सहकाऱ्यांसोबत कोयनेच्या नोंदीचं पृथक्करण केलं आणि १९६९ मध्ये ते अमेरिकेच्या भूकंपशास्त्र संस्थेच्या पत्रिकेत छापून आलं. कोयनेचा हादरा एल सेंत्रोपेक्षा निराळ्या स्वभावाचा आहे. तो थोडा वेळ टिकणारा, भराभर झटके देणारा, आणि त्याचा मार बुटक्या-ताठ बांधकामांवर जास्त. म्हणजे कॅलिफोर्नियाचा हादरा उसना आणून सह्याद्रीतलं धरण तपासलं असतं, तर उत्तर चुकीचं आलं असतं. उसन्या मापानं शिवलेला अंगरखा अंगाला बसत नाही, तसंच हे.

ही नोंद पुढं जगभर गेली. बर्कलीत अनिल चोप्रा यांनी तिच्यावरून धरणांचं नवं गणित मांडलं. आजही काँक्रीटच्या धरणासाठी कोणी नवी संगणकपद्धत काढली की पहिल्यांदा ती कोयनेवर चालवून बघतात, ६६ मीटरवर भेग येते का ते तपासतात. अबॅकस नावाच्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तकात कोयना धरण उदाहरण म्हणून दिलेलं आहे. सातारा जिल्ह्यातल्या त्या काही सेकंदांवर किती देशांतल्या पोरांनी पीएच.डी. केली असेल, कोण जाणे.

१९७० च्या मानकात नकाशा बदलला. शून्य नावाचा पट्टा काढूनच टाकला, कारण भूकंपाची शक्यता शून्य आहे असं कुठल्याच जमिनीविषयी लिहून देता येत नाही, हे कोयनेनं दाखवलं होतं. आता पाचच पट्टे राहिले. कोयना चौथ्यात गेली. आणि किल्लारी? ती पहिल्यात. म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात. मानकाच्या समितीचे अध्यक्ष म्हणून जय कृष्ण यांचं नाव १९८४ च्या आवृत्तीवरही आहे, तेव्हा या नकाशाचं श्रेय जसं त्यांना, तशी ही बाजूही त्यांच्याच खात्यावर लिहावी लागेल. मात्र जिथं शे-दोनशे वर्षांत मोठा भूकंप कोणाच्या आठवणीत नाही आणि यंत्रंही नाहीत, तिथं कोणीही तज्ज्ञ असता तरी काय लिहिणार होता, हाही प्रश्न आहेच.

मानसन्मान भराभर सांगून टाकतो. १९६६ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार, १९७२ ला पद्मभूषण, १९७१ ते ७७ रुडकीचे कुलगुरू. जानेवारी १९७७ मध्ये भूकंप अभियांत्रिकीची जागतिक परिषद दिल्लीत भरली आणि त्यानंतर ते या विषयाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. १९८७ मध्ये भारतीय राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमी निघाली, तिचेही पहिले अध्यक्ष तेच.

आपल्या लोकांच्या दृष्टीनं मला मोठं वाटतं ते दुसरंच काम. धरणं आणि अणुभट्ट्या यांच्यासाठी पैसा असतो, तज्ज्ञ असतात. पण भूकंपात माणसं मरतात ती साध्या घरात. जय कृष्ण यांनी ब्रिजेश चंद्र यांच्यासोबत साठच्या दशकातच विटांच्या घराला मजबुती कशी द्यायची याचे प्रयोग केले. १९६७ मध्ये घरबांधणीचं मानक, आयएस ४३२६, निघालं. त्यातली मुख्य गोष्ट साधी आहे. चारही भिंतींना दाराच्या चौकटीवरून, लिंटेलच्या उंचीवर, सळई घातलेला काँक्रीटचा सलग पट्टा फिरवायचा. पेटीला पट्टी मारतात तसा. भिंती मग सुट्यासुट्या पडत नाहीत.

पण हे खरंच चालतं का, हे बघायचं कसं? छोटं मॉडेल करून टेबलावर हलवावं, तर अडचण येते. घर दहापट लहान केलं की त्याचं वजन हजारपट कमी होतं, पण विटेची नि गाऱ्याची ताकद तेवढीच राहते. त्यामुळे छोटं घर उगाचच दणकट दिसतं. त्यावर सत्तरच्या दशकात रुडकीत एक देशी उपाय निघाला. रुळांचा एक तुकडा टाकला, त्यावर मालगाडीच्या वाघिणीवर खरंखुरं विटांचं खोलीएवढं घर बांधलं आणि दुसरी लादलेली वाघीण सोडून तिच्यावर आदळवली. शंटिंगमध्ये डबे आपटतात ना, तसंच. एक धक्का, दुसरा धक्का, जोर वाढवत वाढवत. पट्टा नसलेलं घर आधी ढासळतं, पट्ट्याचं टिकून राहतं, हे डोळ्यांदेखत दिसलं. आनंद आर्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम पुढं बरंच नेलं. खऱ्या भूकंपाच्या नोंदीप्रमाणं हलणारं, संगणकावर चालणारं टेबल रुडकीत नंतर आलं. पण वाघिणीचा धक्का बघायला गणित लागत नाही, गवंड्यालाही तो समजतो.

आता परत किल्लारीकडं. आपल्या औरादपासून (बिदर जिल्ह्यातलं औराद, निलंग्याकडचं औराद शहाजानी नव्हे) किल्लारी सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आतच. घरंही तशीच. दोन-अडीच फुटी दगडी भिंत, मातीचा गारा, वर माळवद. भिंत जाड दिसते, पण ती असते दोन पदरांची. बाहेरचा दगड वेगळा, आतला वेगळा, मध्ये खडी-माती. जमीन झटक्यानं हलली की दोन पदर एकमेकांपासून सुटतात आणि वरचं टनावारी मातीचं माळवद सरळ अंथरुणावर येतं. त्या रात्री आठ-दहा हजार माणसं गेली, ती बहुतेक अशीच. भूकंप कोयनेपेक्षा मोठा नव्हता. बुटक्या-ताठ घरांना झोडपणारा, कोयनेच्याच जातीचा हादरा असणार, असं मानायला जागा आहे.

नक्की कळणार नाही, कारण नोंद नाही. म्हणून हादरा तयार करायचा. तो कसा? १९६४ मध्ये कॅलटेकमध्ये हाउसनर आणि जेनिंग्ज यांनी एक रीत वापरली. आकडे सोडतीसारखे काढायचे, त्यांची वेडीवाकडी रेषा होते. तिला भूकंपाचा घाट द्यायचा. सुरुवातीला चढती, मध्ये जोराची, शेवटी विरत जाणारी. मग जमिनीच्या स्वभावाप्रमाणं त्यातले मंद नि जलद झटके कमी-जास्त करायचे. आता यात भेग केवढी सरकली, लहरी कुठल्या खडकातून आल्या, किती अंतरात किती विरल्या, याचाही हिशेब घालतात. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले आर. एन. अय्यंगार आणि रघुकांत यांनी २००४ मध्ये दक्षिण पठारासाठी नेमकं हेच केलं. खऱ्या नोंदी मूठभर, म्हणून शेकडो हादरे गणितानं निर्माण केले आणि अंतराप्रमाणं जोर कसा कमी होतो याचं सूत्र बांधलं. पडताळायला उपलब्ध खऱ्या नोंदी घेतल्या, त्यात कोयना होतीच.

जय कृष्ण १९९९ मध्ये गेले. २००२ मध्ये मानकाचा नकाशा पुन्हा बदलला. पहिला पट्टा दुसऱ्यात मिसळून टाकला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्यात गेला. कलबुर्गी त्या नकाशात दुसऱ्यातच राहिली. ऑक्टोबर २०२१ मध्ये कलबुर्गी जिल्ह्यातल्या चिंचोळी तालुक्यात गडीकेश्वर गावाला धक्क्यांवर धक्के बसले, सगळ्यात मोठा ४.१ चा. माणसं घराबाहेर झोपली, कित्येकांनी गाव सोडलं. मार्च २०२४ मध्ये हिंगोलीकडं साडेचारचा झाला, तो नांदेड-परभणीपर्यंत जाणवला.

जुनं दगडी घर पाडून नवं बांधणं सगळ्यांना जमत नाही. मानकात त्याचाही विचार आहे. दगडी भिंत नव्यानं रचत असाल तर दोन्ही पदरांतून जाणारे आरपार दगड घाला. उभ्यात दर दोन फुटांवर, आडव्यात चार फुटांपेक्षा जास्त अंतर नको. एवढा लांब दगड मिळत नसेल तर त्या जागी सळईचा आकडा टाकून काँक्रीट भरलं तरी चालतं. आणि घर जुनं असो की नवं, माळवदावर दरवर्षी पावसाळ्याआधी नवी माती चढवत जाण्याची जी पद्धत आहे, त्यात आधी जुनी माती काढा, मगच नवी टाका.